अठ्ठ्याऐंशीव्या जागेवर कोण

३ एप्रिल २०१७, रक्कम ६,१८४.५०. नोंद माझ्याच हातची आहे. ज्या रकमेचा धनी कोण हे ठाऊक नसतं ती उचंत खात्यात ठेवतात, तिथे मी ती त्या दिवशी दुपारी टाकली. तपशिलाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून रकाना कोरा सोडला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत तपशिलाचा रकाना मी कोरा सोडला तो तेवढाच.

सकाळी टपाल कारकून एक पाकीट घेऊन माझ्या टेबलाशी आला होता. आमचं कार्यालय पाणीपुरवठा खात्याचं, आणि खात्यातल्या कर्मचाऱ्यांचा निवृत्तिनिधीही इथेच सांभाळतात. दर महिन्याला निवृत्तिवेतनाच्या पावत्या खिडकीच्या पाकिटांतून जातात. आतल्या कागदावरचं नाव आणि पत्ता खिडकीतून दिसतो, त्यामुळे वर काही लिहावं लागत नाही. या पाकिटाच्या खिडकीत काहीच दिसत नव्हतं. मला वाटलं, आत कागद घालायचा राहिला. पण कागद होता. प्रकार: सेवानिवृत्त सभासद. नाव कोरं, क्रमांक कोरा, पत्ता कोरा. रक्कम मात्र व्यवस्थित छापलेली, नियमाप्रमाणे कमीत कमी जेवढं निवृत्तिवेतन देता येतं तेवढी. बँकेने ती रक्कम ‘खाते आढळत नाही’ असा शेरा मारून परत पाठवली होती.

“भुताला पेन्शन लागली वाटतं,” टपाल कारकून म्हणाला. “पत्ता काय घालू, साहेब? तिकडे पिनकोड असतो का?”

मी त्याला जायला सांगितलं आणि यादी मागवली. पैसे घेणारे २१३ आणि यादीत ओळी २१४. कोरी ओळ अठ्ठ्याऐंशीवी होती. तिच्या वर एक पंपचालक, खाली एक गवंडी. सेवाक्रमांकाच्या क्रमाने या दोघांच्या मधे कोण येतं हे पाहायला मला जुनी नोंदवही उघडायची गरज नव्हती. तरी उघडली. मधे आमचा ट्रेसर, नकाशांच्या नकला काढणारा, येत होता. ३१ मार्चला त्याला साठ पूर्ण झाली होती. म्हणजे झाली असती. आठ वर्षांपूर्वी एका सोमवारी तो कार्यालयातून घरी जायला निघाला, आणि घरी पोचला नाही.

मग मी शून्यताईला बोलावलं. यादी तिच्या प्रोग्राममधून निघते, आणि ती ट्रेसरची मुलगी.

हे नाव तिला कचेरीने दिलेलं. ती मोजायला शून्यापासून सुरुवात करते. तिच्या प्रोग्रामच्या भाषेत यादीतली पहिली जागा शून्यावी, दुसरी पहिली. ते इतकं अंगात भिनलं की जिना चढतानाही पहिल्या पायरीला ओठांत शून्य म्हणते. सुरुवातीला सगळ्यांनी तिला भंडावून सोडलं. पगाराच्या दिवशी रोखपाल म्हणायचा, “ताई, पहिली नोट शून्यावी ना? मग ती मी ठेवून घेतो.” ती हसायची नाही, रागवायचीही नाही. “ठेवा, पण मग शेवटची माझ्याकडे जास्तीची येईल,” असं म्हणून नोटा पुन्हा मोजायची. परीक्षा देऊन लागलेली मुलगी, वशिल्याने नाही. बाप नाहीसा झाला तेव्हा वीस वर्षांची होती. तीन वर्षांनी त्याच कचेरीत, त्याच मजल्यावर रुजू झाली. मी तिला मुद्दाम खिडकीजवळची जागा दिली. तिथे पूर्वी ट्रेसरचं तिरकं टेबल असायचं हे मला नंतर लक्षात आलं. बदलू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाली.

ट्रेसरचं काम नकाशांच्या नकला काढण्याचं. जमिनीखालून गेलेल्या नळांचे जुने नकाशे तो पारदर्शक कापडावर शाईने उतरवायचा. मूळ नकाशात नाही अशी एक रेघ त्याने कधी काढली नाही. एकदा एका नकाशात नळ मधेच संपला होता, पुढे कुठे जातो ते काढणाऱ्याने दाखवलंच नव्हतं. मी म्हटलं, पुढचा भाग अंदाजाने जोडून टाका. तो म्हणाला, “नाही सापडला तर नाही सापडला. खोटी रेघ बघून उद्या कोणी खणायला जाईल.” संगणक आल्यावर त्याचं टेबल हलवलं आणि त्याला जुन्या नकाशांवर क्रमांक घालायला बसवलं. त्याचं उंच स्टूल तेवढं मागे राहिलं. शून्यताई त्यावर कागदांचे गठ्ठे ठेवते. एकदा एक नवा कारकून गठ्ठे खाली ठेवून त्यावर बसला. शून्यताईची टाइप करणारी बोटं थांबली, आणि तो उठेपर्यंत थांबलेलीच राहिली.

त्या सोमवारी दुपारी मी त्याच्याकडून अडतीस रुपये उसने घेतले होते. मोड नव्हती आणि चहावाला दाराशी उभा होता. संध्याकाळी जाताना ट्रेसर माझ्या टेबलाजवळ थांबला आणि म्हणाला, माझे अडतीस विसरू नका हं. मी वर न बघताच म्हणालो, “उद्या देतो की. कुठे पळून चाललात का?” तो हसला. त्याच्या डाव्या चपलेचा पट्टा चालताना चट् चट् वाजायचा. तो आवाज जिन्यापर्यंत गेला.

पोलिसांनी मला विचारलं तेव्हा मी वेळ सांगितली. जे बोललो ते सांगितलं नाही.

शून्यताईने ते कोरं पाकीट बघितलं. यादीतली ओळ बघितली. ती आपल्या जागेवर गेली आणि मीही तिच्यामागे गेलो. तिने प्रोग्राममध्ये एक छोटीशी विचारणा लिहिली, सत्त्याऐंशी क्रमांकाच्या जागेबद्दल. माझी अठ्ठ्याऐंशीवी ती तिची सत्त्याऐंशीवी.

तिने विचारलं, जागा रिकामी आहे का? पडद्यावर उमटलं: नाही.

प्रकार? सेवानिवृत्त सभासद.

रक्कम? ६,१८४.५०.

नाव? पडदा एक ओळ खाली सरकला. काही उमटलं नाही.

तिने तेच पुन्हा विचारलं, तीच उत्तरं त्याच क्रमाने आली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मागून जाणारा टपाल कारकून म्हणाला, “प्लँचेट चाललंय का?” आणि मग ओळ कोणाची ते त्याला आमच्या चेहऱ्यांवरून कळलं असावं, कारण तो पाकिटांचा ढीग तिथेच ठेवून निघून गेला. त्यानंतर त्याने त्या विषयावर पुन्हा विनोद केला नाही.

हे कसं झालं ते तिने मला समजावून सांगितलं. मी वाणिज्य शाखेचा माणूस, त्यामुळे मला समजलं तसंच लिहितो. ती भाषा खतावणीसारखी कडक आहे. प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी जाहीर केल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. आमच्याकडे पैसे घेणारे तीन प्रकारचे: सेवानिवृत्त, मयताचे वारस, अज्ञान मुलांचे पालक. तिघांचे नियम वेगळे, पण यादी एकच लागते. त्यासाठी त्या भाषेत अट घालता येते, तिला इंटरफेस म्हणतात. तू कोण आहेस ते विचारायचं नाही, तुला काय करता येतं ते विचारायचं. ज्याला नाव सांगता येतं, रक्कम सांगता येते आणि पावती देता येते तो घेणारा. मग तो कुठल्याही प्रकारचा असो, यादीत बसतो. अशा यादीला ती स्लाइस म्हणते. मी रांग म्हणतो.

आणि ही रांग सुरुवातीला मांडायची कशी, यावर पाच वर्षांपूर्वी आमचं बोलणं झालं होतं. ती तेव्हा म्हणाली होती, “काका, दोन तऱ्हा आहेत. एक, सगळ्या खुर्च्या आधी मांडून ठेवायच्या आणि मग एकेकाला आणून बसवायचं. दुसरी, आधी एकही खुर्ची नाही. माणूस सापडला की त्याच्याबरोबर त्याची खुर्ची आणायची.” मी पहिली निवडली. नोंदवहीतला क्रम मोडायचा नाही, जितके क्रमांक तितक्या जागा, असा माझा हट्ट. रिकाम्या राहतील त्यांचं काय, असं तिने विचारलं होतं. मी म्हणालो होतो, राहू देत, रिकामी आहे हे तरी दिसेल.

ते दिसलं नाही, त्याचं कारण असं. नुसती मांडलेली खुर्ची, जिला कोणी हात लावला नाही, ती रिकामी आहे हे यंत्राला कळतं. पण ३१ मार्चला ट्रेसरचा क्रमांक तारखेवरून आपोआप निवृत्तांत गेला, आणि प्रोग्रामने दस्तात जाऊन विचारलं, या क्रमांकाचा सेवानिवृत्त सभासद द्या. त्याचा दस्त ‘बेपत्ता’ या शेऱ्याखाली बंद. आतून उत्तर आलं: सेवानिवृत्त सभासद, पण कोणी नाही. ते उत्तर प्रोग्रामने जसंच्या तसं खुर्चीवर नेऊन ठेवलं.

“म्हणजे खुर्चीवर प्रकाराची चिठ्ठी आहे आणि माणूस नाही,” ती म्हणाली. “रिकामी आहे का विचारलं की यंत्र दोन्ही बघतं. चिठ्ठीही नसेल आणि माणूसही नसेल, तरच रिकामी. चिठ्ठी असली की भरलेली.”

नाव सापडलं नाही तर जागा कोरी सोड आणि रक्कम किमानपेक्षा कमी निघाली तर किमान धर, या दोन अटी मीच तिला घालून दिल्या होत्या. तिने त्या पाळल्या, एवढंच.

दुपारी मोठ्या साहेबांनी दोघांना आत बोलावलं. ते ओरडले नाहीत. लेखापरीक्षक येण्याआधी, म्हणजे पुढच्या यादीच्या आत, कोरी ओळ जायला हवी म्हणाले. “एकतर माणूस आणा, नाहीतर जागा काढा.” जागा काढायची तर नोंदवहीत कारण लिहावं लागतं, आणि कारणाच्या छापील यादीत ट्रेसरला लागू पडणारी दोनच होती: मयत, किंवा स्वतःहून नोकरी सोडून गेला. दुसरं लिहिलं की त्याची अठ्ठावीस वर्षांची नोकरी बुडाली आणि घरच्यांना कधीच काही मिळणार नाही. पहिलं लिहायचं तर बायकोने न्यायालयात अर्ज करायला हवा. सात वर्षं बेपत्ता असलेल्याला न्यायालय मयत धरतं. अर्ज दाखल झाल्याची पोच आणली तरी तात्पुरता वारस म्हणून नाव लावता येतं. सात वर्षं होऊन वर एक वर्ष गेलं होतं, आणि वहिनी सही करायला तयार नव्हत्या.

बाहेर आल्यावर शून्यताई म्हणाली, “प्रोग्रामचं काम दहा मिनिटांचं आहे, काका. आईचं काय करू?”

त्या रविवारी मी अर्ज घेऊन त्यांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, त्यावर शर्टांचा ढीग. वहिनी एका शिंप्यासाठी काजं-बटणं करतात. त्यांनी मला खुर्ची दिली आणि काम चालूच ठेवलं. हातात एक निळा शर्ट होता, त्याची कॉलर उसवून झिजलेली बाजू आत घालून त्या पुन्हा शिवत होत्या. हा शिंप्याचा नव्हता. हा शर्ट मी कचेरीत रोज समोर पाहिलेला होता.

“धुऊन धुऊन झिजली,” त्या म्हणाल्या. “इतर कपड्यांबरोबर दर आठवड्याला टाकते. नुसता ठेवला तर वास येतो.”

न घालता कॉलर झिजते हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी मुद्द्यावर आलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सुई थांबवून म्हणाल्या, “भावजी, उद्या ते या दारात उभे राहिले तर कोणत्या तोंडाने सांगू, की तुम्हाला मारून मी तुमचा पगार खाल्ला?”

मी म्हटलं, “वहिनी, नाहीतर मला लिहावं लागेल की ते नोकरी सोडून पळून गेले.”

“ते पळणारे नव्हते.”

मी खाली बघितलं. चपलेचा पट्टा वाजल्यासारखं वाटलं. शेजारच्या जिन्यावरून कोणीतरी उतरत होतं.

शून्यताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने पर्समधून ती कोरी पावती काढली आणि मशीनवर, शर्टाशेजारी ठेवली. वहिनींनी चष्मा शोधला, कागद खिडकीकडे धरला.

“यावर नाव नाही.”

“नाही.”

“मग हे कोणाचं?”

“बाबांच्या जागेचं.”

वहिनींनी कागद उलटून मागची बाजू बघितली. “अजून आहे जागा?”

“आहे. यंत्राला विचारलं, रिकामी आहे का, तर नाही म्हणतं.”

“म्हणजे आहेत ते.” हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की विचारलं की सांगितलं ते मला कळलं नाही.

शून्यताईचा आवाज चढला नाही, फक्त थोडा कोरडा झाला. “आई, प्रकार विचारला की सांगतं. रक्कम विचारली की सांगतं. नाव विचारलं की गप्प बसतं. मी तीनदा विचारलं. मला वाटलं, चौथ्यांदा सांगेल, म्हणून मी थांबले. कारण मग मी रोज विचारत बसले असते.”

मला दुसरं काही सुचेना म्हणून मी अर्ज उघडला आणि एकेक प्रश्न वाचून भरायला लागलो. वाचणं मला जमतं. अर्जदाराचं नाव, वय, राहता पत्ता, बेपत्ता झाल्याची तारीख. वहिनी उत्तरं देत होत्या, जणू तो अर्ज दुसऱ्या कोणाचा आहे. मग आलं: कुटुंबातील हयात व्यक्तींची संख्या.

“तिघं,” त्या म्हणाल्या.

हे उत्तर त्यांना शोधावं लागलं नाही. घरमालक पाण्याचे पैसे माणशी घेतो, आणि आठ वर्षं त्या तिघांचे देत आल्या होत्या. शून्यताईने ते मला कधीतरी सांगितलं होतं. मी पेन कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. शाईचा एक ठिपका उमटला. शून्यताई खिडकीकडे वळली होती.

वहिनींनी पावती पुन्हा उचलली. खिडकीच्या पाकिटातून जिथे नाव दिसायचं तिथे त्यांनी अंगठा फिरवला, कापडाचा पोत बघतात तसा.

“दोन लिहा,” त्या म्हणाल्या.

मी दोन लिहिलं. सही करताना त्यांच्या मधल्या बोटात अंगुस्तान तसंच होतं, आणि ते कागदावर घासल्याचा आवाज आला. सही झाल्यावर त्यांनी निळा शर्ट ओढून घेतला आणि कॉलर पुरी केली. अर्धवट उसवलेला ठेवता येत नाही म्हणाल्या.

मंगळवारी अर्ज दाखल झाला, पोच मिळाली. शून्यताईने प्रोग्राम दुरुस्त केला तेव्हा मी जवळ होतो. दहा मिनिटं म्हणाली होती, अकरा लागली. मी तिला म्हटलं, आता तुझी दुसरी तऱ्हा घे, माणूस सापडला तरच खुर्ची, म्हणजे हा प्रकार पुन्हा व्हायचाच नाही. माझ्या हट्टापायी झालं ते पुरे. तिने जरा विचार केला आणि नको म्हणाली. खुर्च्या आधी मांडलेल्याच ठेवल्या. फक्त दस्तातून माणूस आला तरच त्याला बसवायचं, न आल्यास खुर्चीला हातसुद्धा लावायचा नाही, एवढी अट वाढवली.

“जागा राहू दे, काका. रिकामी आहे असं खरं सांगितलं म्हणजे झालं.”

मे महिन्याची यादी निघाली. ओळी २१४, पाकिटं २१४, घेणारे २१४. पंपचालक आणि गवंडी यांच्या मधे वहिनींचं नाव होतं, प्रकार वारस. तिने सत्त्याऐंशीव्या जागेला तेच चार प्रश्न विचारले. चौथ्या प्रश्नाला उत्तर आलं. तिने ते वाचलं, पडद्यावरची खिडकी मिटली आणि स्टुलावरचा गठ्ठा नीट सरळ केला. मी उचंत खात्यातली ६,१८४.५० ची नोंद उलटी फिरवली. तपशील: अठ्ठ्याऐंशीव्या जागेची रक्कम, चुकीने निघालेली. एप्रिलमधला कोरा रकाना मात्र मागून भरता येत नाही. तो तसाच आहे.

याला वर्ष झालं. न्यायालयाचा निकालही आला. शून्यताई अजून जिन्याच्या पहिल्या पायरीला शून्य म्हणते. परवा सहज बोलता बोलता म्हणाली, घरमालकाला आई पाण्याचे पैसे अजून तिघांचेच देते. संध्याकाळी मजला रिकामा होतो, मी कपाट बंद करतो, आणि कधी कधी जिन्याशी चट् चट् असा आवाज जातो. शिपाई म्हणतो, खिडकीची झडप सैल आहे. दुरुस्तीच्या वहीत मी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा सुतार बघून गेला आणि झडप घट्ट असल्याचं लिहून गेला.

येत्या ऑगस्टमध्ये मी निवृत्त होतो आहे, म्हणून स्वतःचे हिशेब मिटवायला घेतले. खिशातल्या डायरीत दर वर्षी पहिल्या पानावर मागील बाकी ओढतो. नऊ वर्षं तिथे एकच ओळ पुढे येते आहे. ती रक्कम घेऊन मी वहिनींकडे गेलो, वारस म्हणून तुम्ही घ्या म्हणालो, आणि त्या सोमवारी मी जे बोललो होतो तेही पहिल्यांदा सांगितलं. त्यांनी ऐकलं, हातातलं काज पूर्ण केलं, दोरा तोडला.

“ते तुमचं आणि त्यांचं,” त्या म्हणाल्या. “त्यात मी नाही.”

पैसे मी परत आणले. ट्रेसरचे माझ्याकडे अडतीस निघतात.